भीमाबाईने हात न लावलेलं बाळ

अरुंधतीला पोरीच्या पाठीवरच्या गाठीची जेवढी काळजी होती, त्याहून जास्त धास्ती भीमाबाईची होती. आणि हे घरात कुणाला सांगायची सोय नव्हती. गाठीवर निदान इलाज तरी ठरला होता. उद्या, सोमवारी सकाळी आठला प्रेमिलाला उपाशीपोटी धरमपेठेतल्या सर्जनकडे न्यायचं. ते गाठ कापून काढतील, तपासायला पाठवतील, मग काय ते कळेल. भीमाबाईवर मात्र इलाज नव्हता. सहा वर्षांपूर्वी ती या घरातून उठून गेली ती पुन्हा उंबऱ्याच्या आत आली नाही, पण तिने या घराची पाठही सोडली नाही.

वर्षातून दोन-तीनदा ती दिसायचीच. प्रताप नगरातल्या त्यांच्या घरासमोर अजून मोकळे प्लॉट होते, त्यातल्या एका कडुनिंबाखाली ती येऊन उभी राहायची. पांढरं लुगडं, काखेत कापडी पिशवी, पाय अनवाणी. हाक मारली तर "इकडूनच चालली होती" म्हणायची आणि निघून जायची. कुणालाही वाटलं असतं, जुनी ओळख, बाई वाट वाकडी करून पोरीला बघायला येते. पण अरुंधतीने तिची नजर पाहिली होती. भीमाबाई प्रेमिलाचा चेहरा कधी बघत नसे. पोर कशी धावते, मागून हाक आली तर नुसती मान वळवते की अख्खं अंग वळवते, फ्रॉकची बटणं लावायला हात पाठीमागे जातात की नाही, एवढंच ती बघायची. एकदा शाळेच्या फाटकाशीही ती अशीच उभी होती म्हणे. शाळेच्या शिपायाने येऊन सांगितलं, "बाई, थे तुमच्या पोरीले पाहून राहिली होती, अन् तोंडातल्या तोंडात काही मोजून राहिली होती."

आणि गेल्या मंगळवारी ती पहिल्यांदाच फाटकापर्यंत आली. प्रेमिला पायरीवर पालथी पडली होती आणि अरुंधतीची सासू जिजाबाई तिच्या पाठीवरच्या गाठीला कोमट जवसाचं तेल चोळत होती. महिन्यापूर्वी पोर शाळेतल्या घसरगुंडीवरून पडली होती. आधी सूज आली, मग दोन खांद्यांच्या मध्ये लिंबाएवढी गाठ झाली.

"कवापासून हाय हे?" भीमाबाईने विचारलं.

"झाला असन महिना," जिजाबाई म्हणाली. "तू त हात लावला नाही, म्हणून मीच चोळून राहिली बाप्पा. रोज दोनदा. पण जितकं चोळावं तितकं कडक होते."

भीमाबाईने फाटकाची सळई धरली. अरुंधती दारातच होती. तिच्याकडे बघून भीमाबाई एवढंच म्हणाली, "चोळू नका. कापू बी देऊ नका." आणि गेली. तोवर कापायचं नाव घरात कुणी काढलंही नव्हतं. डॉक्टरांनी ते सांगितलं शुक्रवारी.

भीमाबाई म्हणजे काही मंत्रतंत्र करणारी बाई नव्हती. बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊमाखू घालणं हे तिचं काम. राहायची शहराच्या दुसऱ्या टोकाला, नंदनवनात. नवरा नत्थू गिरणीत होता, तो मेला. तिला एक मुलगी आहे आणि ती कायम आजारी असते, यापलीकडे तिच्या घरचं कुणाला फारसं ठाऊक नव्हतं. छप्पन्न साली दीक्षेच्या दिवशी ती दीड वर्षाच्या मुलीला खांद्यावर घेऊन पहाटेपासून गर्दीत उभी होती, ही गोष्ट मात्र ती सगळ्यांना सांगायची. "तवापासून नवस नाही, अंगारा नाही, दृष्ट काढणं नाही. माह्या हातानं होईन तेवढं होईन, नाही होईन त डॉक्टरले दाखवा," हा तिचा खाक्या.

अरुंधतीच्या थोरल्याला, विश्वनाथला, तिनेच चोळून वाढवला. न्हाणीत पाटावर बसून ती दोन्ही पाय लांब करायची, बाळाला नडग्यांवर उताणं घ्यायची, त्याचं डोकं आपल्या घोट्यांकडे आणि पावलं आपल्या पोटाकडे. मग पोट, छाती, दंड, मांड्या, सगळं एका ओळीने. शेवटी टाळू. टाळूवर तेलाची धार सोडून ती बोटांनी हळूहळू जिरवायची. खालचं मऊ मऊ उडताना दिसायचं, अरुंधतीला तिकडे बघवायचं नाही.

"भ्याचं काय त्यात?" भीमाबाई म्हणायची. "हाड धरून राहिली हाय थे. सव्वा-दीड वर्षानं पुरं हाड धरन, मंग बसा दगडावर डोस्कं आपटत."

हाड धरणे हा तिचा आवडता शब्द होता. बाळाने मान सावरली की "मानीनं हाड धरलं", उभं राहिलं की "आता गुडघ्यानं हाड धरलं". गल्लीतल्या बायका तो एकमेकींना आशीर्वादासारखा म्हणायच्या, लवकर हाड धरो. लग्नाआधी अरुंधती मुलींच्या शाळेत दोन वर्षं शरीरशास्त्र शिकवायची. एकदा गंमत म्हणून तिने भीमाबाईला सांगितलं, "तुम्ही जे म्हणता ना, त्याला आमच्या पुस्तकात अस्थिभवन म्हणतात. बाळाच्या अंगात आधी कूर्चा असते, मऊ. तिचं हळूहळू हाड होतं."

"अस्थिभवन," भीमाबाईने शब्द चघळून पाहिला. "एवढा मोठा शब्द बोलाल त लेकरू घाबरन ना, बाई. हाड वापस जाईन आतमंधी." दोघी हसल्या. मग बाळाच्या दंडावरून अंगठा फिरवता फिरवता तिने सहज विचारावं तसं विचारलं, "मास बी धरते का हाड, तुमच्या पुस्तकात?"

"छे, मांसाचं कसं हाड होईल? मांस ते मांसच राहतं."

भीमाबाईने मान हलवली. मग ती पुन्हा दंड चोळू लागली.

तीन वर्षांनी प्रेमिला झाली. सहाव्या दिवशी भीमाबाई आली. शेगडीत निखारे, ओवा-वेखंडाची धुरी, तेलाची वाटी, सगळं तयार होतं. तिने पोरीला नडग्यांवर घेतलं, तेलात बोटं बुडवली आणि पावलांवर हात नेला. तिथेच हात थांबला. दोन्ही पायांचे अंगठे तिने चिमटीत धरून पाहिले. ते जरा आखूड होते आणि शेजारच्या बोटांकडे वळलेले. दवाखान्यातल्या नर्सनेही ते पाहिलं होतं, "होतील सरळ" म्हणाली होती. भीमाबाईने अंगठे सोडले, पुन्हा धरले. मग तिने हाताचं तेल लुगड्याला पुसलं, बाळाला दुपट्यात गुंडाळून अरुंधतीच्या मांडीवर ठेवलं आणि पिशवी उचलली.

"माह्यानं नाही होत हे," ती म्हणाली. "याले चोळू नका. नुसतं पाणी घाला."

"काहून वं, भीमे?" जिजाबाई चिडली. "पोरगी झाली म्हणून हात जड झाला काय तुहा?"

भीमाबाई उंबरा ओलांडून निघाली. जिजाबाईने महिनाभर तिचा उद्धार केला, मग दुसरी बाई ठेवली. ती नाजूक हाताची होती, वरवर तेल फिरवून जायची. प्रेमिला वाढली, धावली, पडली, उठली. घरचे भीमाबाईला विसरले. अरुंधती विसरू शकली नाही, कारण कडुनिंबाखाली ती दिसतच राहिली.

रविवारी जेवणं झाल्यावर अरुंधतीने नवऱ्याजवळ विषय काढला. मनोहरराव पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. शांत माणूस, पण शुक्रवारपासून त्यांच्या जेवणात लक्ष नव्हतं.

"अहो, आठ दिवस थांबलो तर?"

"डॉक्टर काय म्हणाले ते तूही ऐकलंस. गाठ इतक्या लवकर वाढली म्हणजे वाईट जातीची असू शकते. आठ दिवसांचा फरक पडतो. आणि थांबायचं कशासाठी? एक चोळणारी बाई रस्त्यावरून बोलून गेली म्हणून?"

"तिला काहीतरी माहीत आहे."

"मग सांगत का नाही? सहा वर्षं झाडाखाली उभी राहते. मला तर वाटतं, तिचंच डोकं फिरलंय." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "अरुंधती, उशीर झाला आणि तो आपल्यामुळे झाला, तर मी जगू शकणार नाही."

आत प्रेमिला पाटीवर चित्र काढत बसली होती. पाटीवरची पेन्सिल घरंगळून डावीकडे गेली, तशी ती मान न वळवता कमरेपासून पूर्ण वळली आणि पेन्सिल उचलली. पुन्हा तशीच, एका तुकड्यात, सरळ झाली. अरुंधतीने नवऱ्याला सांगितलं, बहिणीकडे जाऊन येते, आणि ती सायकल रिक्षाने नंदनवनला निघाली.

भीमाबाईचं घर शोधायला वेळ लागला नाही. "वच्छलाताईचं घर ना? मास्तरीणबाईचं?" म्हणत चार पोरं पुढे धावली. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, दारासमोर शेणाने सारवलेलं अंगण. अंगणात पाच-सहा मुलं दाराकडे तोंड करून बसली होती आणि सत्तावीसचा पाढा म्हणत होती. शिकवणारं कुणी दिसत नव्हतं. एक पोर सत्तावीस सत्तेला अडखळलं, तसा आतल्या अंधारातून आवाज आला, जात्याच्या दोन दगडांमधून यावा तसा दाबलेला, तरी खणखणीत.

"एकशे एकोणनव्वद. लपून मागं काहून बसला, दिसते मले."

अरुंधती वाकून आत शिरली. डोळे सरावल्यावर तिला दिसलं. भिंतीला एक रुंद फळी तिरपी लावली होती आणि त्या फळीला टेकून एक तरुण बाई उभी होती. पूर्ण उभीही नाही आणि बसलेलीही नाही, खुर्चीतून उठता उठता कुणीतरी थांबवल्यासारखी. मान डाव्या खांद्याकडे कललेली. दोन्ही हात कोपरात दुमडून पुढे आलेले, जणू त्यांवर कुणीतरी ताट ठेवून गेलं होतं आणि घ्यायला परत आलंच नव्हतं. काहीही हलत नव्हतं. फक्त डोळे हलले आणि अरुंधतीवर येऊन थांबले.

"बसा ना, बाई," ती दातांमधून म्हणाली. तोंड बोटभरसुद्धा उघडत नव्हतं. "मले बसता येत नाही म्हणून तुम्ही उभ्या राहू नका."

अरुंधती जमिनीवर टेकली. भिंतीवर बुद्धाचं चित्र होतं आणि त्याखाली एक टांगलेला कंदील. मागच्या दारातून भीमाबाई आली, हातात पाण्याचा लोटा. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"उद्या कापणार आहेत," अरुंधती म्हणाली.

भीमाबाईने लोटा खाली ठेवला आणि अंगणातल्या मुलांना म्हणाली, "चला रे, घरी पळा."

"उद्या अठ्ठावीसचा," भीमाबाईची लेक वच्छला मागून म्हणाली.

मुलं गेली. भीमाबाई लेकीच्या पायाशी बसली आणि तिने लुगड्याचा काठ जरासा वर केला. पावलं उघडी झाली. अंगठे आखूड होते, शेजारच्या बोटांकडे वळलेले. तेच अंगठे. अरुंधती सहा वर्षं रोज ज्या पायांत मोजे घालत होती, तेच.

"जलमली तवा मी बी म्हटलं, होतीन सरळ," भीमाबाई सांगू लागली. "पाच वर्षाची होईपर्यंत हरणीवानी धावे. मंग नळावर घसरून पडली. पाठीवर टेंगूळ आलं. अख्ख्या नागपुरातल्या बाया माह्यापाशी येत चोळून घ्याले, अन् माह्याच पोरीच्या पाठीले मी हात नाही लावणार? दिवसातून तीनदा चोळलं, बाई. पहिल्या दिवशी बोटाखाली भिजवलेल्या कणकेवानी लागे. आठ दिवसानं कच्च्या आंब्यावानी. मी म्हटलं, माहं चोळणं कमी पडून राहिलं. अजून जोर लावला. महिन्यानं पाह्यलं त कोय झाली होती. हाड. जिथं हाड असाले नको तिथं."

"शंभर डाव सांगतलं तुले, चोळलं नसतं तरी झालं असतं," वच्छला म्हणाली.

"झालं असतं. पण इतक्या लवकर नसतं झालं." भीमाबाईने तिच्याकडे पाहिलं नाही. "मंग मोठ्या दवाखान्यात नेलं. त्याहीनं गाठ कापली. जखम भरली अन् एका गाठीच्या जागी पंख्यावानी हाड पसरलं, मानीपर्यंत. कमरेत सुया दिल्या, त खुबे धरले. दाढ काढाले सुई दिली, त जबडा धरला. जिथं जिथं आम्ही इलाज केला ना, बाई, तिथं तिथं थे आलं. वाट दाखवल्यावानी."

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. वच्छला मध्येच म्हणाली, "हात लावून पाहा."

"नको."

"पाहा. तुमच्या पोरीसाठी पाहा. चोळू नका फक्त."

अरुंधती उठली. फळी आणि पाठ यांच्यातल्या फटीत तिने हात घातला. पोलक्याच्या कापडाखाली पाठ नव्हती. झाडाच्या बुंध्यावर बोटं फिरावीत तसं लागत होतं. आडव्या कडा, गाठी, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत गेलेली एक अख्खी फांदी. मग उजव्या काखेजवळ बोटं एकदम मऊ जागेवर आली आणि तिने हात मागे ओढला. ती जागा तापलेली होती.

"हं, तिथं," वच्छला म्हणाली, जणू घरातली एखादी वस्तू दाखवत होती. "तिथं आता चालू हाय. पंधरा दिवस झाले. आधी ऊब येते. कोणी तळहात ठेवावा तशी. लहानपणी मले वाटे, आईच येऊन चोळून राहिली, म्हणून बरं वाटे. आता मी अन् हा आजार, वळखतो आम्ही दोघं एकमेकाले. तो आला की मी म्हणतो, या, बसा, तुमचंच घर हाय."

भीमाबाई म्हणाली, "असं नको बोलू वं."

"मंग काय बोलू? रडाले तोंड त उघडलं पाहिजे."

अरुंधतीने शेवटी विचारलं, जे सहा वर्षं तिच्या मनात होतं. "तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं. मग सांगितलं का नाही?"

भीमाबाईने आपल्या हातांकडे पाहिलं. मोठे, रुंद, अजून तुकतुकीत हात.

"सांगून काय सांगू? तुमची सहा दिवसांची पोरगी दगड होईन म्हणून? अन् तुम्ही म्हटलं असतं, हिची नजर लागली. या वस्तीत म्हटलंच लोकाहीनं. भीमीचा हात लागला का हाड होते. दोन वर्षं कोणी लेकरू नाही दिलं मले. मंग प्रताप नगर, धरमपेठ, जिथं हे ठाऊक नाही तिथं काम धरलं. थे काम सुटलं असतं त हिले कोण खाऊ घालन? दातातल्या फटीतून पेज पाजा लागते." तिने लेकीच्या लुगड्याचा काठ पुन्हा खाली केला. "अन् खरं सांगू, मले वाटे, कोणी चोळलंच नाही, पोर पडलीच नाही, त थे झोपूनच राहीन आतमंधी. म्हणून पाहाले यायची. वर्ष मोजायची. पाच गेले, म्हटलं सुटली. सहावं लागलं."

"पंधराशेच्या वर लेकरं पाह्यले तिनं," वच्छला म्हणाली. "सगळ्याहीचे अंगठे पाहते आधी. तुमचीच एक निघाली."

अरुंधतीच्या कानांत मनोहररावांचा आवाज होता. उशीर झाला आणि तो आपल्यामुळे झाला, तर. अंगठे वाकडे असलेल्या पोरीलाही दुसरी, साधी, कापून काढण्यासारखी वाईट गाठ होऊ शकत नाही का? या दोघी मायलेकी चुकत असल्या तर आपण पोरीचा जीव घालवू. आणि बरोबर असल्या तर उद्या सकाळी आठ वाजता आपणच तिला हाताला धरून नेणार, टेबलावर झोपवणार आणि बाहेर बाकावर बसून राहणार.

"आणि हे ते नसलं तर?" तिने विचारलं.

"त आठ दिवसांनी कापा," वच्छलाने उत्तर दिलं. "पण आधी डॉक्टरले म्हणा, पायाचा अन् पाठीचा एक्स-रे फोटो काढून पाहा. माहं बी मुंबईच्या म्हाताऱ्या डॉक्टरनं पाय पाहूनच वळखलं. दवाखान्यात पाहुणा म्हणून आला होता. सगळे पाठीपाशी गोळा झाले, अन् तो पायापाशी जाऊन उभा राह्यला. म्हणे, हे जन्मापासून असतं. चोळू नका, कापू नका, दंडात-कमरेत सुया देऊ नका. आई, थो कागद दे."

भीमाबाईने पेटीतून मेणकापडात गुंडाळलेला कागद काढला. दवाखान्याचा जुना केस-पेपर होता, घड्यांवर फाटलेला. इंग्रजी अक्षरं पुसट झाली होती, पण शेवटची, रोगाच्या नावाची ओळ कुणीतरी दोनदा गिरवून ठळक केली होती. त्याखाली लहान मुलाच्या वळणाने मराठीत लिहिलं होतं, अस्थिभवन, मांसाचे.

"हे मी लिहिलं, हात चालत होता तवा," वच्छला म्हणाली. "डॉक्टरले म्हटलं, मराठीत सांगा, मले शाळेत सांगा लागते. त्यानं हा शब्द दिला. म्हणे, सगळ्याच्या अंगात हे होते, लहानपणी, जिथं पाहिजे तिथं. अन् मंग थांबते. तुह्या अंगात थे थांबाले विसरलं." तिचे डोळे आईकडे वळले. "बाई, डॉक्टरशी बोलाल त हाच शब्द सांगा. इंग्रजीतला बी वाचून दाखवा. चोळणाऱ्या बाईनं सांगतलं असं म्हणू नका. हसन तो."

"म्हणा," भीमाबाई म्हणाली.

"आई, उद्या सगळ्या प्रताप नगरात बोभाटा होईन."

"होऊ दे. माहं नाव सांगा, बाई. म्हणा, भीमाबाईनं पंधराशे लेकरं नडगीवर घेतले, दोघाहीचेच अंगठे असे पाह्यले. एक घरी उभी हाय. पटत नसन त या म्हणा पाहाले." ती उठली आणि तिने कागद अरुंधतीच्या हातात दिला. देताना बोटाला बोट लागणार नाही याची काळजी घेतल्यासारखा तिने तो कोपऱ्याला धरला होता.

अरुंधती बाहेर आली तेव्हा ऊन अंगणातून निघून भिंतीवर चढलं होतं. मागून वच्छला म्हणाली, "पोरीले पाढे येतात का?"

"बारापर्यंत."

"पाठवाल तवा पाठवा. भेव वाटन तिले मले पाहून, पण वाटू द्या. सवय होते."

रिक्षावाला कोपऱ्यावर थांबला होता. तिथेच एक औषधांचं दुकान होतं, रविवार असून अर्धं उघडं. काउंटरवर काळा फोन होता आणि त्यावर खडूने लिहिलेली पाटी, बोलणे थोडक्यात करावे. अरुंधती तिथे थांबली. शेजारच्या बिऱ्हाडकरांचा नंबर तिला पाठ होता. ते मनोहररावांना बोलावून देत. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि नवऱ्याला न विचारता तिने शिंप्याकडे कापडसुद्धा दिलं नव्हतं. त्यांना फोन केला तर ते ऐकून घेतील, शांतपणे, आणि म्हणतील, घरी ये, आपण बोलू. मग रात्र होईल. जिजाबाई म्हणेल, त्या भीमीच्या घरी कायले गेली होती? मग सकाळ होईल, आणि उपाशी पोरीला रिक्षात बसवताना कुणाच्या तोंडून शब्द फुटणार नाही.

तिने पर्समधून सर्जनची चिठ्ठी काढली. वरच्या कोपऱ्यात दवाखान्याचा नंबर होता आणि खाली, लहान अक्षरांत, घरचा. रविवारची संध्याकाळ होती. डॉक्टर कदाचित चहा घेत असतील. कदाचित चिडतील. कदाचित म्हणतील, बाई, तुम्ही जबाबदारी घेता का?

"कुठं लावायचा?" दुकानदाराने विचारलं.

"धरमपेठ," ती म्हणाली. "डॉक्टरांच्या घरी." केस-पेपर तिने काउंटरवर पसरला, फाटलेली घडी तळहाताने दाबून धरली, आणि दुसऱ्या हाताने रिसीव्हर उचलला.